पहिल्या पंगतीचा पाहुणा

बसा गा, बसा. चपला तिकडंच राहू द्या, कुत्रं नेत नाही. आज तुमाले अशी गोष्ट सांगतो का घरी जाऊन बायकोले सांगान तर तिले खोटी वाटन. घनश्याम गुल्हान्याले त्याच्याच घरी, भर महालक्ष्मीत, मान देऊन पहिल्या पंगतीत बसवलं, अन् त्या एका मानापाई चिखलखेडचं राज्य फुटलं. हासता कायले? राज्यं काय तोफेनंच फुटतात? पोळी वाढतानीबी फुटतात.

घनश्यामचा बाप पांढरकवड्याकडं कसा गेला ते मंग कवा सांगीन. दोघं भाऊ. मोठा दारव्ह्याजवळ चिखलखेडातच राह्यला, लहान्यानं, म्हंजे घनश्यामच्या बापानं, पार तिकडं हैदराबाद रोडच्या अंगाले माळ घेतला अन् त्याचं नाव ठेवलं 'नवं चिखलखेड'. आता तथी जाऊन पाहान तर चिखलाचा पत्ता नाही. समदा मुरूम. धो-धो पाणी आलं तरी चप्पल कोरडी. त्या माळाले तथच्या कोलाम आदिवासी लोकाइनं पहिलेच एक नाव ठेवलं होतं, पण ते काय हाय हे म्हाताऱ्यानं इचारलंच नाही. बोर्ड रंगवून आणला, ठोकला, झालं.

अन् मजा अशी का जुन्या चिखलखेडापेक्षा नवंच जास्त चिखलखेड झालं. जुन्या गावात पोट्टे आता 'पोळी' म्हणतात. घनश्यामच्या घरी अजून 'पोयी'. जुन्या गावात शामनं, म्हंजे मोठ्या घरच्या पोरानं, बैल कवाचेच इकले. घनश्यामच्या दारात ट्रॅक्टर उभा हाय तरी तो पोळ्यासाठी बैलजोडी पोसते. काहून? तर चिखलखेडात तसं होतं. घनश्यामचा जलम नव्या गावातला, पण दारव्ह्याकडं निघाला का म्हणे, "घरी चाललो."

सुखीबाई, त्याची बायको, म्हणे, "अन् हे काय हाय मंग? धर्मशाळा?"

खरी गाठ होती ती महालक्ष्म्याइची. गुल्हान्याइच्या महालक्ष्म्याइची, म्हंजे थोरल्या-धाकट्या गौरीची, जोडी एकच, अन् ती बसे मोठ्या घरी. मोठ्या घरची म्हातारी मैनाबाई, शामची माय, घनश्यामची मोठीमाय. तिनं सासूपासून घेतलेला कायदा असा: एका कुळात एकच जोडी. भादव्यातले ते तीन दिवस नव्या चिखलखेडची चूल बंद. सोळा भाज्या, आंबिलीची ज्वारी, केळीचे खांब समदं नव्या गावाहून जाचं. देवीचं धड म्हंजे पत्र्याची कोठी, वर मुखवटा; त्या कोठीत भराचे गहूबी नव्या गावचेच. पूजा अन् हुकूम मात्र मोठ्या घरचा. कोणाले वेगळी जोडी बसवाचीच असन तर मोठ्या घरच्या बाईनं देवीच्या कोठीतलं धान्य आपल्या हातानं तिच्या ओटीत टाकाले पाह्यजे. तसं आजवर कोणी मांगतलं नव्हतं. सुखीबाईच्या मनात मात्र ते कवाचं रटरटत होतं.

त्या साली पिकअप घनश्यामच चालवत होता. बाजूले सुखीबाई, खिडकीशी पोरगी अर्पिता. अर्पिता पांढरकवड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. मागं भाज्याइच्या टोपल्या अन् गव्हाचे कट्टे.

"मोठ्याबाईले यंदा इचारा," सुखीबाई म्हणे. "आपल्या घरी आपली लक्ष्मी. काय गुन्हा हाय का?"

"आपली लक्ष्मी चिखलखेडात हाय. आपण चिखलखेडचे हावो."

"चिखलखेडाले माहीत हाय का हे?"

अर्पिता हासाले लागली. "बाबा, तुमी जे बोलून राह्यले नं, हेच अमेरिकेतले इंग्रज बोलत."

"अमेरिकेत इंग्रज काय करत होते?"

"राहाले गेलते. समुद्र ओलांडून. तथी आधीच माणसं होती, त्याइले इचारलं नाही. गावाले नावं दिली ती मागच्याच गावाइची, पुढं 'नवं' लावून. पोट्टे-पाट्टे तथी झाले, नातू झाले, पण इंग्लंडले म्हणत घर. ज्यानं जलमात लंडन पाह्यलं नाही तोबी. कपडे लंडनसारखे, चहाची किटली लंडनची, राजाचा वाढदिवस आला का तोफा."

"चांगले माणसं होते," घनश्याम म्हणे.

"मंग तिकडच्या सभेनं त्याइच्यावर कर बसवला. कागदावर, चहावर. हे म्हणे, बसवा, पण पहिले आमाले इचारा. आमीबी इंग्रजच हावो, अन् इंग्रजाले इचारल्याबिगर त्याच्यावर कर बसत नसते. तिकडून उत्तर आलं का गप बसा."

"मंग?"

"मंग चहाच्या पेट्या समुद्रात. पुढं लढाई. अन् वेगळे झाले."

घनश्यामनं ट्रकले साइड दिली, मंग मान हालवली. "हे बेइमानी झाली. ज्याच्या नावानं जगले त्याच्यावरच उलटले."

"बेइमानी कायची?" सुखीबाई म्हणे. "त्याइच्या बायकांलेबी तीन दिवस चूल बंद ठेवा लागत असन."

घनश्यामनं पिकअप ताणली. यवतमाळात चहालेबी थांबला नाही. इंग्रजाइचा त्याले राग आला होता.

चिखलखेडात मोठ्या घरापुढं पिकअप लागली तशी मैनाबाई ओट्यावर आली. कमरेत वाकली होती, पण आवाज शाबूत.

"आले गा माहे रानातले लोकं!"

घनश्यामनं पाय धरले. "मोठीमाय, भाज्या पाहून घे. एकबी चुकली नाही."

"तू चुकत नाहीस हेच तुह्यात खोट हाय. कवा तरी चुकत जाय, म्हंजे मले बोलता येइन."

सुखीबाई पदर खोचूनच सैपाकघरात गेली. दरवर्षी आल्या आल्या पुरणाले बसाचं, हे ठरलेलं. पाहाते तर चूल थंडी. पुरणयंत्र फळीवर, वर जाळं. अन् मोठी जाऊ वच्छला, शामची बायको, खुर्चीवर बसून मोबाइल पाहून राह्यली.

"ये सुखे, बस. यंदा काही कराचं नाही. पोळ्या दारव्ह्यावरून येऊन राह्यल्या."

"कोणाच्या घरून?"

"घरून कायले? केटरिंगवाल्याकडून. आंबीलबी त्याचीच. प्लास्टिकच्या गिलासात, वरून झाकण लावून."

सुखीबाई होती तथीच बसली. "देवीले झाकणाची आंबील?"

"देवीले काढून देइन नं झाकण."

आता वच्छलेले वाईट म्हणू नका. सून होऊन आली तवापासून तिनं त्या चुलीपुढं डोळे जाळले होते. नव्या गावच्या लोकाइले तीन दिवस सण वाटे. तिले त्याच्या आधीचा महिना अन् नंतरचा आठवडाबी त्यातच जाय. तिचे गुडघे तिले रोज सांगत का बाई, आता पुरे. पण सुखीबाईले ते दिसलं नाही. तिनं जाऊन नवऱ्याले सांगतलं.

घनश्याम मंडपात आला. शाम खुर्च्या लावून घेत होता.

"शामदादा, हे काय आयकतो मी? पोयी इकत?"

"जमाना बदलला रे घनश्याम. माणसं कुठं भेटतात राबाले?"

"आमी पिकअप भरून आलो ते कोण हावो? माणसं नाही हावो? अन् ठरवाच्या आधी मले इचारलं काहून नाही?"

शामनं हातातली खुर्ची खाली ठेवली. त्याले खरंच समजलं नाही. "तुले कायले इचारू? अथचं आमी पाहून घेतो. तू ये, जेव, आराम कर. एवढ्या लांबून येता तुमी."

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तेच तर वाईट. भांडण असतं तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी महापूजा झाली अन् पंगती बसाले लागल्या. आता अथी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडं पाहुणा पहिल्या पंगतीत बसते अन् घरचा माणूस वाढते. घरच्याचं जेवण आखरीले, उरलंसुरलं, उभ्या उभ्या, भांडं खरडत. घनश्याम मिसरूड फुटाच्या आधीपासून या पंगतीत आंबील वाढे. त्याची बादली ठरलेली होती, कडीले फडकं बांधलेली. जवा समदं गाव जेवून हात धुवे अन् शाम-घनश्याम दोघं मंडपाच्या खांबाले टेकून कोरडी पोयी खात, तवा घनश्यामले वाटे, हा खरा मी.

त्यानं धोतर वर खोचलं, दुपट्टा कमरेले बांधला अन् बादली उचलाले गेला. बादली नव्हती. तथी टाय लावलेला एक वाढपी झाकणाचे गिलास मांडून राह्यला होता.

"काका, आपण बसून घ्या."

"बादली कुठं हाय?"

तेवढ्यात वच्छला लगबगीनं आली, हातात अष्टगंधाची वाटी. "अवो भाऊजी, तुमी कायले? दरवर्षी राबता, बरं दिसते का ते? यंदा तुमच्यासाठी पाट मांडला. रांगोळी काढली म्या सोता."

शामनं मागून खांद्यावर हात ठेवला अन् हासत हासत त्याले नेऊन बसवलं. एका बाजूले तलाठी, दुसऱ्या बाजूले सोयाबीनचा व्यापारी. समोर गावचे दोन जावई. वच्छलेनं त्याच्या कपाळाले अष्टगंध लावला. लोकं कौतुकानं पाहून राह्यले. घनश्यामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याले वाटलं का आपलं धोतर भर मंडपात सुटलं.

तो उठला नाही. अन्नावर राग काढाचा नाही, हे चिखलखेडचंच वळण. झाकण काढलं, आंबील पेली. गोड होती, म्हंजे आणखीनच वाईट. गुल्हान्याइची आंबील आंबट असते.

पोयी तोडतानी तलाठी मोठ्या अदबीनं इचारे, "आपण कुठले पाहुणे?"

घनश्यामनं तोंड उघडलं. चिखलखेडचा, असं जिभेवर आलं अन् तथीच अडकलं. घास गिळून म्हणे, "नव्या चिखलखेडचा."

'नव्या' हे त्यानं जलमात पहिल्यांदा एवढं दाबून म्हटलं.

हात धुऊन तो मागं गोठ्यात गेला. बैल नव्हते, तर पोट्टे तथी बसत. अर्पिता होती अन् शामचा पोरगा नयन, यवतमाळात नोकरीले असते तो. दोघाइचं हासणं चालू होतं. घनश्यामच्या कपाळाचा अष्टगंध पाहून नयन सरकून बसला.

"बेटा," घनश्याम म्हणे, "ते तुहे अमेरिकेवाले. त्याइले पंगतीत कुठं बसवलं होतं?"

"म्हंजे?"

"लंडनले गेला असन नं त्याइच्यातला कोणी. त्याले वाढाले घेतलं का पाटावर बसवलं?"

अर्पितानं बापाकडं नीट पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "एक होता बाबा. लय मोठा माणूस, तिकडंच राह्यला कितीक वर्षं. समद्याइले सांगे, मी इंग्रज, आपण एकच हावो. एक दिवस त्याले दरबाऱ्याइपुढं उभं केलं अन् नाही नाही ते बोलले. लोकं म्हणतात, आत गेला तवा इंग्रज होता, बाहेर आला तवा अमेरिकेचा."

"शिव्या देल्ल्या त्याले?"

"हो."

"मंग त्याचं बरं होतं. शिव्या घरच्या माणसाले देतात. मले अष्टगंध लावला."

नयनले हासू आवरलं नाही. "काका, पोळ्याइचे खोके मांडवामागंच हायत. फेकू का इहिरीत? इतिहास होऊन जाइन."

"अन्न फेकते का रे भैताडा! तुह्या आजीनं आयकलं तर तुलेच फेकन."

पण मन झालं होतं. तो तडक सुखीबाईकडं गेला. ती पाहुण्या बायाइमंधी बसली होती, तिलेबी कोणी काम करू देत नव्हतं. तिले बाजूले बोलावून म्हणे, "सुखे, तू म्हणत होती ते करू. आपली जोडी आपल्या घरी."

आता गंमत पाहा. जिनं नवऱ्यापाशी सालोसाल हेच मांगतलं, तीच मागं सरकली.

"आता?"

"आता नाही, पुढच्या साली."

"सोळा भाज्या, पुरण, फुलोरा, समद्या गावाचं जेवण... मी एकटीनं? माह्या मनगटात जोर हाय का तेवढा?"

"तूच तं म्हणत होती!"

"म्हणाले काय लागते? तुमी हो म्हणान असं कुठं वाटलं होतं मले?" मंग म्हणे, "त्या केटरिंगवाल्याचा नंबर तरी घेऊन ठेवा."

"सुखे!"

"गमतीनं म्हटलं वो. चिडता कायले?"

पण ती गंमत नव्हती पुरी. वच्छलासंगं पुरण वाटतानी ज्या गोष्टी होत, कोणाची सून पळाली अन् कोणाची परत आली, त्या नव्या गावात ती कोणासंगं करणार होती? वेगळं व्हावं वाटणं वेगळं अन् वेगळं होणं वेगळं. पण नवऱ्याच्या कपाळाकडं पाह्यलं अन् तिनं पदराच्या टोकानं तो अष्टगंध पुसून टाकला. घनश्याम समजला का हे आपल्या बाजूनं मत पडलं.

तिसऱ्या दिवशी आरती झाली, देवी उठवाच्या आधी समदे घरचे तिच्यापुढं बसले. तो गुल्हान्याइचा दरबार. लग्नं, शेतं, भांडणं समदं तथीच ठरे. मैनाबाई भिंतीले टेकून बसली होती, पाय लांब करून.

घनश्याम उभा राह्यला. "मोठीमाय, एक मांगणं हाय. सुखीच्या ओटीत देवीचं धान्य टाक."

मंग शाम उसळला. "म्हंजे देवीचे तुकडे?"

"तुकडे कायचे?" वच्छला एकदम बोलली. "नेऊ द्या नं भाऊजीले! नवीन जोडी कायले, या दोघीच न्या. समई देतो, ताट देतो, मखर देतो. सोडवाले मी येतो."

"वच्छला!" शाम ओरडला.

"काय वच्छला? पुरण तुमी वाटता का?"

शामले दोन्हीकडून लढाई लागली. त्यानं कधी सैपाकघराचा उंबरठा ओलांडला नव्हता, पण गुल्हान्याइच्या महालक्ष्म्या चिखलखेडात बसतात हे सांगतानी त्याची छाती फुगे. ते गेलं तर सोयाबीन सोडून त्याच्यापाशी सांगाले काय उरत होतं?

मैनाबाईनं हात वर केला. "काहून रे घनश्याम? पाटावर बसवलं म्हणून देवी मांगतं? उद्या पाय धुवाले गरम पानी देल्लं तं घरच मांगशीन."

समदे हासले. घनश्याम नाही हासला.

"मोठीमाय, तिकडं आमच्या शेजारी कोलामाइचं पोड हाय, त्या वस्तीतला भीमा. माह्या बापाच्या वयाचा. तो अजून मले 'पाहुणा' म्हणते. त्याचं बरोबर हाय, आमी मागून गेलो. मी म्हणो, म्हणू दे. माहं घर चिखलखेडात हाय. काल तलाठ्यानं अथीबी तेच म्हटलं, अन् त्याचंबी बरोबर होतं, मी पाटावर बसलो होतो. तिकडं पाहुणा, इकडं पाहुणा. मंग मी कुठचा हावो, तूच सांग. पोया इकत आणा, झाकणाची आंबील करा, मले राग नाही. पण मले इचाराचं होतं. मी गुल्हाने हावो म्हणून इचाराचं होतं."

बाहेर मंडपवाला खांब काढून राह्यला होता; शामनं त्याले हातानंच थांबवलं.

"अन् वेगळंच व्हाचं असन," शाम म्हणे, आवाज जराक खाली करून, "तर मंग गावाचं नावबी बदला. चिखलखेड एकच हाय."

"नाव काहून सोडू? नावासाठीच तं भांडून राह्यलो!"

मैनाबाई कोणाकडंच पाहत नव्हती. देवीकडं पाहत होती. मंग बोलली, तवा तिच्या आवाजातला चेष्टेचा सूर गेला होता.

"शेत वाटलं. इहीर वाटली. म्हशी वाटल्या. या दोघी तेवढ्या वाटल्या नाई, म्हनून तुमी येता. देवी नेली का मंग कायले यान? मले पाहाले? एका म्हातारीचं तोंड पाहाले कोनी पिकअप भरून येत नाई रे."

घनश्याम खाली बसला. काल ज्या गोष्टीचा त्याले राग आला होता, ती एवढीशी वाटाले लागली. सुखीबाईनं मान खाली घातली. वच्छलाबी खिडकीबाहेर पाहाले लागली.

मंग मैनाबाईच म्हणे, "अर्पिते, काल तू नयनले गोठ्यात ते इंग्रजाइचं सांगत होती नं? मी मागंच होतो, दातन करत. ते येगये झाले. मंग त्याइनं बोली सोडली का?"

"नाही मोठीआजी. आजबी इंग्रजीच बोलतात."

"गावाइचे नावं?"

"तेच हायत. नवं लावलेले."

"अन् येनंजानं?"

"पहिले लढाई. मंग लय वर्षं रुसवा. मंग हळूहळू सुरू झालं. आता तर मोठ्या घरावर संकट आलं का पहिले तेच धावतात."

"अन् मंग आता त्याच्यात मोठं घर कोनतं?"

अर्पितानं शामकाकाकडं पाह्यलं, बापाकडं पाह्यलं, मंग नयनकडं.

"सांग नं," नयन खालमानेनं म्हणे, "इतिहास हाय. त्याले काय भेव?"

"आता तं धाकटंच मोठं झालं मोठीआजी."

मैनाबाई अशी हासली का तिले ठसकाच लागला. वच्छलेनं पाणी आणलं. शामलेबी हासा लागलं, न हासून करते काय?

पाणी पिऊन म्हातारी भिंत धरून उठली. धाकटीच्या मुखवट्याले हात जोडले, मुखवटा उतरवून वच्छलाच्या मांडीवर देल्ला, अन् कोठीत हात घातला. मूठभर गहू काढले, नाकाशी नेले.

"शाम, हे कोनाचे हायत?"

"घनश्यामचे. म्या तं समदं सोयाबीन पेरलं."

"मागच्या साली?"

"त्याचेच."

"म्हंजे देवीचं पोट त्यानं भराचं अन् येगयं होतो म्हटलं तं बेइमान?" ती सुखीबाईकडं वळली. "पसर वं ओटी. पाहातं काय? मांगतानी तं लय तोंड होतं म्हने तुले."

सुखीबाईनं पदर पसरला. गहू पडले. तिनं पदराची गाठ मारली अन् ती गाठ दोन्ही हातानं धरून बसली, कोणी काढून घेइन असं. वच्छला तिच्या कानात म्हणे, "पुरणयंत्र घेऊन जाय. मले नको ते डोळ्यापुढं." अन् दोघीबी रडता रडता हासाले लागल्या.

घनश्याम म्हातारीच्या पायाशी बसला. "मोठीमाय, आता तूच सांग. तुह्या मनात राग तं नाही?"

"राग हाय. पन तो घरच्यावर हाय." मंग बोट उगारून म्हणे, "अन् एक आयक. पुढच्या भादव्यात मी तिकडं येनार. पाहुनी म्हनून नाई. पुरन वाटाले. या घरात मले आता कोनी वाटू देत नाई, अन् माहे हात काई अजून मेले नाईत."

शाम म्हणे, "माय, घरची देवी सोडून तिकडं? लोकं काय म्हणतीन?"

"लोकाइले झाकनाची आंबील दे. गप बसतीन."

अन् देवी उठली. त्या साली नव्या चिखलखेडची पिकअप जातानी पहिल्यांदा भरून गेली, पुरणयंत्र अन् वच्छलेनं देल्लेली समई-ताटं घेऊन.

आता तो पुढचा भादवा येऊन ठेपला बरं का. नव्या चिखलखेडात सुखीबाईनं भिंती सारवल्या, मखर आणलं, भीमाच्या पोडातल्या समद्याइले जेवणाचं सांगणं गेलं. अन् अथी मैनाबाईची थैली बांधून तयार हाय. पण शाम काही गाडी काढत नाही. आज म्हणते टायर खराब, उद्या म्हणते बॅटरी उतरली. नयनले सुट्टी नाही. घनश्याम देवी बसवाच्या तयारीत आपला उंबरठा सोडून येऊ शकत नाही. म्हातारी रोज ओट्यावर बसते अन् रस्त्याकडं पाहाते.

तुमी म्हटलं नं मघा, तुमची गाडी उद्या पांढरकवड्याकडं जाऊन राह्यली म्हणून? मंग एवढं करा माह्यासाठी. तिले पुढच्या शिटवर बसवा, मागं बसली का तिले मळमळते. बोलन लय, हो हो म्हणत राहा. शाम दुपारचा जेवून झोपते, तवाच ओट्याले गाडी लावा. अन् तुमाले हात जोडतो, हॉर्न तेवढा वाजवू नका.